निफाड तालुक्यातील अंतराळवीर : पदवी, कॉकपिट आणि खडकवासला

१९८७ ते १९९२ या काळात, अंतराळात जाऊन आलेला एकमेव भारतीय नागरिक नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात नोकरीस होता.

ही गोष्ट खुद्द नाशिककडेही फारशी सांगितली जात नाही. राकेश शर्मा म्हटले की बैकानूरचे उड्डाणस्थळ आठवते, सल्यूत-७ हे अवकाशस्थानक आठवते, इंदिरा गांधींच्या प्रश्नाला इक्बालांच्या तराण्यातून दिलेले उत्तर आठवते. ओझर आठवत नाही. हा दीर्घ धागा ओझरपासून सुरू होतो, कारण ‘अंतराळवीर होण्यासाठी कोणती पदवी घ्यावी?’ या नेहमीच्या प्रश्नाचे खरे उत्तर ओझरच्या धावपट्टीच्या आसपास सापडते.

आधी भूगोल. सायखेडा हे गोदावरीकाठचे गाव. नदीच्या पलीकडे चांदोरी, आणि प्रवाहाच्या खालच्या अंगाला नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा व तेथील पाणपक्षी. गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला की सायखेडा-चांदोरीच्या पुराची बातमी दरवर्षी ठरलेली. कांदा, द्राक्ष आणि नदीचे पाणी यांवर गावाचे वर्ष मोजले जाते. मात्र याच तालुक्यात ओझर आहे, आणि ओझरला १९६४ पासून लढाऊ विमानांचा कारखाना आहे. त्यामुळे शेतात काम करताना मान वर करून विमान पाहणे ही या तालुक्यातल्या तीन पिढ्यांची सवय आहे.

कारखाना येथे कसा आला, हे थोडक्यात. १९६२ मध्ये भारताने सोव्हिएत संघाशी मिग-२१ विमाने परवान्याखाली भारतातच बांधण्याचा करार केला. त्याच वर्षी चीनशी युद्ध झाले, आणि नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीस संरक्षणमंत्री म्हणून गेले. १९६३ मध्ये ते नाशिक मतदारसंघातून बिनविरोध लोकसभेवर निवडून आले. मिगचे काम तीन ठिकाणी वाटले गेले : सांगाडा व जुळणी नाशिकला, इंजिन ओरिसातील कोरापुटला, आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला. ओझरच्या निवडीचे श्रेय नाशिककर आजही यशवंतरावांनाच देतात. काळाचा मेळ पाहता ते अस्थानी नाही.

आता राकेश शर्मा. जन्म पतियाळा, १३ जानेवारी १९४९. शिक्षण हैदराबादेत. १९६६ मध्ये खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत प्रवेश, १९७० मध्ये हवाई दलात अधिकारी, आणि पुढच्याच वर्षी बांगलादेश युद्धात मिग-२१ च्या कॉकपिटमध्ये. विमान त्याच जातीचे, जे ओझरला बांधले जात होते. नंतर ते चाचणी वैमानिक झाले. १९८२ मध्ये सोव्हिएत संघाच्या इंटरकॉसमॉस कार्यक्रमासाठी त्यांची निवड झाली, आणि मॉस्कोजवळच्या ‘तारानगरी’त रशियन भाषेपासून सारे शिक्षण नव्याने सुरू झाले. ३ एप्रिल १९८४ रोजी सोयुझ टी-११ मधून युरी मालिशेव आणि गेन्नादी स्त्रेकालोव यांच्यासमवेत ते निघाले व ११ एप्रिलला परतले. जवळजवळ आठ दिवसांच्या त्या मुक्कामात त्यांनी बहुवर्णपटी कॅमेऱ्याने भारतभूमीची छायाचित्रे घेतली. वजनरहित अवस्थेत स्नायूंवर योगासनांचा काय परिणाम होतो, याचे प्रयोगही स्वतःच्या शरीरावर केले.

त्यांच्याबरोबर तितकेच शिक्षण घेऊन जमिनीवर राहिलेले दुसरे अधिकारी होते रवीश मल्होत्रा. जन्म लाहोरचा, १९४३ चा. तेही खडकवासल्याचे, तेही चाचणी वैमानिक. राखीव अंतराळवीराचे काम हे की सर्व काही शिकायचे, सर्व परीक्षा द्यायच्या, आणि शेवटच्या क्षणी दुसऱ्याला निरोप द्यायचा. शर्मांना अशोकचक्र मिळाले, मल्होत्रांना कीर्तिचक्र. शाळेच्या पुस्तकात एकच नाव उरले.

या दोघांकडे पदवी कोणती होती, हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. आज प्रबोधिनीतून बाहेर पडणाऱ्या छात्राला दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते : कला, विज्ञान वा संगणकशास्त्र, आणि अलीकडे तंत्रशास्त्राचीही. परंतु ही व्यवस्था १९७० च्या दशकातली. शर्मा १९६६ मध्ये खडकवासल्यास आले, तेव्हा ते विद्यापीठ स्थापनही झालेले नव्हते. त्याची स्थापना १९६९ ची. मल्होत्रा तर त्याही आधीचे. म्हणजे भारताच्या पहिल्या दोन अंतराळ-उमेदवारांची निवड झाली ती गुणपत्रिकेवर नव्हे. ती झाली उड्डाणतासांवर, प्रकृतीवर, आणि विमानात काही बिघडले असता डोके शांत ठेवण्याच्या सिद्ध झालेल्या सवयीवर.

ही पद्धत भारताने शोधलेली नाही. तिचे मूळ पाहण्यासाठी पंचवीस वर्षे मागे, अमेरिकेत जावे लागते.

१९५८ च्या अखेरीस नासा ही संस्था अवघ्या काही महिन्यांची होती. अंतराळात माणूस पाठवायचा, पण कोणता? प्रथम विचार असा होता की सर्वसाधारण जाहिरात द्यावी आणि पाणबुड्या, गिर्यारोहक, वैमानिक, शास्त्रज्ञ अशा धोका पत्करणाऱ्या मंडळींकडून अर्ज मागवावेत. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी तो मोडीत काढला व निवड सैन्यातील चाचणी वैमानिकांपुरतीच ठेवली. हेतू व्यावहारिक होता. त्यांच्या नोंदी सरकारदप्तरी तयार होत्या, गुप्ततेची सवय त्यांना होती, आणि ते आज्ञा पाळत. ५०८ जणांची कागदपत्रे चाळली गेली, ११० पात्र ठरले, आणि ९ एप्रिल १९५९ रोजी सात नावे जाहीर झाली.

अटींमध्ये पदवीही होती : अभियांत्रिकीतील पदवी किंवा तत्सम शिक्षण. ‘किंवा तत्सम’ हे शब्द किती लवचीक असतात ते येथे दिसते. जॉन ग्लेन दुसऱ्या महायुद्धात महाविद्यालय सोडून सैन्यात गेले होते. पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्यावर, १९६२ मध्ये, त्यांच्या महाविद्यालयाने त्यांना पदवी दिली. स्कॉट कार्पेंटर यांची कोलोरॅडो विद्यापीठातील पदवी एका विषयावाचून अडली होती. तीही उड्डाणानंतर त्याच वर्षी बहाल झाली. पदवी मिळवून अंतराळात जाणारे पुष्कळ; अंतराळात जाऊन पदवी मिळवणारे हे दोघे.

पण तीच अट दुसऱ्यांसाठी लोखंडी होती. १९६० च्या सुमारास अमेरिकेतील काही अनुभवी महिला वैमानिकांनी मर्क्युरीच्या उमेदवारांसारख्याच वैद्यकीय चाचण्या खासगीरीत्या दिल्या. तेरा जणी उत्तीर्ण झाल्या. त्यांपैकी जेरी कॉब यांचे उड्डाणतास हजारोंनी मोजावे असे होते. जुलै १९६२ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे हा विषय आला. उत्तर मिळाले की अंतराळवीराला लष्करी जेट विमानांच्या चाचणीचा अनुभव हवा. तो अनुभव देणाऱ्या शाळांत स्त्रियांना प्रवेश नव्हता. समितीपुढे साक्ष देऊन प्रचलित नियमांची बाजू मांडणाऱ्यांत जॉन ग्लेनही होते. स्वतःची पदवीची अट ज्यांच्यासाठी शिथिल झाली, त्यांनी दुसऱ्यांसाठी अनुभवाची अट कडक ठेवावी, हा इतिहासातील विनोद थोडा कडवटच म्हणावा लागेल.

सोव्हिएत बाजूसही १९६० चे पहिले वीस उमेदवार हवाई दलातलेच होते. युरी गागारिन यांचे शिक्षण ओतकामाच्या शाळेतून, मग सारातोवच्या तंत्रनिकेतनातून आणि शेवटी ओरेनबर्गच्या उड्डाणशाळेतून झाले. विद्यापीठीय अभियंत्याला पहिली जागा मिळाली ती ऑक्टोबर १९६४ मध्ये, वोस्खोद-१ यानात. कोन्स्तान्तिन फेओक्तिस्तोव हे यानाच्या रचनेतच सहभागी असलेले अभियंते, आणि त्यांच्या शेजारी बोरिस येगोरोव हे डॉक्टर. अमेरिकेने १९६५ मध्ये प्रथमच शास्त्रज्ञ-अंतराळवीरांची तुकडी निवडली. तिच्यातील भूशास्त्रज्ञ हॅरिसन श्मिट डिसेंबर १९७२ मध्ये चंद्रावर उतरले. चंद्रावर पाय ठेवणाऱ्या बारा जणांत व्यवसायाने शास्त्रज्ञ असलेले ते एकटेच.

खरा दरवाजा उघडला स्पेस शटलने. यान मोठे झाले, सात-सात माणसे बसू लागली, आणि सगळ्यांनी यान चालवावे याची गरज उरली नाही. १९७८ च्या निवडीत ३५ जण घेतले गेले, त्यांत प्रथमच सहा स्त्रिया होत्या. ‘मोहीमतज्ज्ञ’ हा नवा वर्ग निर्माण झाला. त्याच्याही पुढे ‘पेलोड विशेषज्ञ’ आले : ज्या देशाचा वा कंपनीचा उपग्रह शटलमधून सोडायचा, तिचा जाणकार अभियंता सोबत न्यायचा.

या वर्गात दोन भारतीय होते. त्यांची नावे फार थोड्यांना ठाऊक आहेत.

इन्सॅट-१बी हा भारताचा दळणवळण उपग्रह ऑगस्ट १९८३ मध्ये चॅलेंजर शटलमधूनच सोडला गेला होता. पुढचा इन्सॅट-१सी ही शटलमधूनच जायचा होता, आणि त्याच्यासोबत एक भारतीय अभियंता. १९८५ मध्ये इस्रोने आपल्याच अभियंत्यांतून दोघांची निवड केली : एन. सी. भट आणि पी. राधाकृष्णन. दोघेही वैमानिक नव्हते. हवाई दलाशी दोघांचा संबंध नव्हता. प्रयोगशाळेत, टेबलापाशी काम करणारी ही माणसे. अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेला भारतीय नागरिक, भारत सरकारच्या संस्थेतून, थेट अंतराळात जाण्याची ती पहिली संधी होती. उड्डाण १९८६ च्या उत्तरार्धात अपेक्षित होते.

२८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत चॅलेंजर फुटले. सातही जण मृत्यू पावले. त्यांत शिक्षिका क्रिस्टा मॅकॉलिफ होत्या, आणि ग्रेगरी जार्विस नावाचे एक अभियंतेही. जार्विस पेलोड विशेषज्ञच होते. म्हणजे भट-राधाकृष्णन यांची जी जागा असायची, त्याच प्रकारच्या जागेवरचे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी व्यापारी उपग्रह शटलमधून नेणे बंद केले. इन्सॅट-१सी जुलै १९८८ मध्ये फ्रेंच गयानातील कुरू येथून एरियान अग्निबाणाने गेला. त्या अग्निबाणात माणसाला जागा नव्हती.

पुढे कोणत्याही पुस्तकात या दोघांचा उल्लेख आला तर तो तळटीपेत येतो. १९८४ आणि २०२५ यांच्यामध्ये भारतीय नागरिकाचे पृथ्वीच्या कक्षेतील एकही उड्डाण झाले नाही, ती ४१ वर्षांची पोकळी १९८६ मध्ये भरून निघणार होती, आणि भरणारा माणूस गणवेशातला नसणार होता. तसे झाले असते तर ‘अंतराळवीर म्हणजे वैमानिक’ हे समीकरण भारतात इतके घट्ट रुजले असते का, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारून ठेवण्यासारखा आहे. जरतरला इतिहासात स्थान नसते असे म्हणतात खरे. पण निवड झालेली माणसे, ठरलेली मोहीम आणि तयार उपग्रह एवढे सगळे हाताशी असताना तो निव्वळ जरतर राहत नाही.

नेमक्या याच सुमारास, १९८७ मध्ये, राकेश शर्मा विंग कमांडर पदावरून हवाई दलाच्या सेवेबाहेर आले आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या नाशिक विभागात मुख्य चाचणी वैमानिक झाले. मुक्काम : ओझर.

चाचणी वैमानिक काय करतो, हे सांगितल्याशिवाय या पाच वर्षांचे मोल कळत नाही. कारखान्यातून बाहेर पडलेले विमान हवाई दलाच्या ताब्यात देण्यापूर्वी कोणीतरी ते प्रथम उडवावे लागते. कागदावर सर्व बरोबर असते, जमिनीवरच्या तपासण्या झालेल्या असतात. तरीही हवेत प्रथम जाताना प्रत्येक विमान थोडे अनोळखीच असते. चाके आत जातात का, बाहेर येतात का, कमी वेगात विमान कोणत्या अंगाला कलते, इंजिनाचा प्रतिसाद किती तत्पर आहे, उपकरणे खरे सांगतात की खोटे, हे सारे ठरलेल्या क्रमाने तपासायचे. उतरल्यावर दोषांची नोंद द्यायची, अभियंत्यांनी दुरुस्ती करायची, पुन्हा उडायचे. ओझरला त्या काळी पंखांचा कोन हवेत बदलू शकणारे मिग-२७ बांधले जात होते आणि जुन्या मिग-२१ ची पूर्ण उकल करून दुरुस्ती होत होती. दुरुस्तीहून आलेले विमान हे नव्याइतकेच, कधी नव्याहून अधिक, संशयाने उडवावे लागते.

म्हणजे बैकानूरहून अग्निबाणात बसून गेलेला माणूस रोज सकाळी निफाड तालुक्याच्या आकाशात एकेका विमानाची परीक्षा घेत होता. खाली ऊस, कांदा, द्राक्षबागा, आणि मधून वळणे घेत जाणारी गोदावरी. बक्षीस समारंभ, वृत्तपत्रांतील छायाचित्रे, ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब, हे सगळे मागे पडले होते. ज्या कामासाठी त्यांची मूळ निवड झाली होती त्याच कामाकडे ते परतले होते. १९९२ मध्ये ते कंपनीच्या बंगळूर येथील कामावर गेले.

आता विद्यापीठांकडे. कोणी म्हणेल, मग महाराष्ट्रातील पदवीधरांचा अंतराळाशी संबंधच नाही काय? आहे, आणि फार जुना आहे. फक्त तो आसनाशी नसून अग्निबाणाशी आहे. कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस विक्रम साराभाईंच्या अगदी आरंभीच्या सहकाऱ्यांपैकी. केरळात थुंबा येथे प्रक्षेपणकेंद्राची जागा शोधण्यात त्यांचा वाटा होता, आणि तेथून पहिला अग्निबाण २१ नोव्हेंबर १९६३ रोजी उडाला. पुढे १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवणाऱ्या ‘साइट’ प्रयोगाची धुरा त्यांनी वाहिली. वसंत गोवारीकर यांनी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली, घन इंधनाच्या क्षेत्रात मूलभूत काम केले, विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालकपद भूषविले आणि नंतर पुणे विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे हे इन्सॅट-१ मालिकेच्या उभारणीतील प्रमुखांपैकी एक. पुढे तेही त्याच केंद्राचे संचालक झाले. ज्या उपग्रहमालिकेसोबत भट अंतराळात जायचे होते, तिच्यामागे हे मराठी नाव होते.

ही परंपरा तुटलेली नाही. २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने जे उपग्रह वर नेले त्यांत पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला, जेमतेम एक किलो वजनाचा ‘स्वयम्’ होता. तीन महिन्यांनी मुंबईच्या आय.आय.टी.तील विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ गेला. विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्यांनी वर्षानुवर्षे तो हातोहात पुढे नेलेला. पहिल्या तुकडीतले विद्यार्थी नोकरीला लागून स्थिरावले तेव्हा उपग्रह कुठे कक्षेत पोहोचला.

भारतीय पदवी घेऊन अंतराळात गेलेली व्यक्ती मात्र आहे, आणि तिचे नाव सर्वांना ठाऊक आहे. कर्नालच्या कल्पना चावला यांनी १९८२ मध्ये चंदीगडच्या पंजाब अभियांत्रिकी महाविद्यालयातून वैमानिकी अभियांत्रिकीची पदवी घेतली. नंतर टेक्सासला एम.एस., १९८८ मध्ये कोलोरॅडोत डॉक्टरेट, मग अमेरिकेचे नागरिकत्व, डिसेंबर १९९४ मध्ये नासाची निवड, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये पहिले उड्डाण. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परतताना आकाशात विखुरले आणि त्यांचा व सहा सहकाऱ्यांचा अंत झाला. त्यांच्या मार्गात कॉकपिट अनिवार्य नव्हते. देश बदलणे मात्र अनिवार्य ठरले. १९८२ साली चंदीगडहून बाहेर पडलेल्या एखाद्या तरुणीला भारतात राहून अंतराळवीर होण्याचा कोणताही मार्ग उपलब्ध नव्हता : हवाई दल स्त्रियांना वैमानिक म्हणून घेत नव्हते, आणि इस्रोचा मानवी कार्यक्रम नव्हता.

येथे पुन्हा खडकवासल्याकडे यावे लागते.

प्रबोधिनीची कोनशिला पंडित नेहरूंनी ६ ऑक्टोबर १९४९ रोजी बसवली. जमीन तत्कालीन मुंबई सरकारने दिली. दुसऱ्या महायुद्धातील भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ सुदानने दिलेल्या निधीतून मुख्य इमारत उभी राहिली, म्हणून तिला आजही सुदान ब्लॉक म्हणतात. १९५५ च्या जानेवारीत संस्था रीतसर सुरू झाली. सैन्याधिकारी घडवण्यासाठी काढलेली ही संस्था भारताची अंतराळवीरांची शाळा ठरेल असे तेव्हा कोणाच्या मनातही नसणार. अजून अंतराळवीर हा शब्दच नव्हता.

२७ फेब्रुवारी २०२४ रोजी तिरुअनंतपुरमला गगनयान मोहिमेसाठी निवडलेल्या चौघांची नावे जाहीर झाली : प्रशांत बालकृष्णन नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुभांशु शुक्ला. चौघेही हवाई दलाचे चाचणी वैमानिक. चौघेही खडकवासल्याचे. शर्मा व मल्होत्रा धरले तर भारताने अंतराळासाठी निवडलेले हवाई दलाचे सहाही अधिकारी पुण्याच्या पश्चिमेकडील त्या एका तळ्याकाठी घडले आहेत. एकही मराठी नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. शाळा महाराष्ट्रात, जमीन महाराष्ट्राची, पाणी मुठेचे. विद्यार्थी पतियाळा, लाहोर, केरळ, चेन्नई, प्रयागराज आणि लखनौचे. सातारची सैनिक शाळा १९६१ ची, नाशिकचे भोसला सैनिकी विद्यालय १९३७ चे, मराठी मुलांनी प्रबोधिनीत जावे म्हणून औरंगाबादला राज्य शासनाने काढलेली सैनिकी सेवापूर्व संस्था १९७७ ची. आणि तरीही ही यादी अशी आहे.

शुभांशु शुक्ला यांचा जन्म १९८५ चा. १९८४ चे उड्डाण त्यांनी ऐकलेले, पाहिलेले नाही. प्रबोधिनीतून संगणकशास्त्राची पदवी, २००६ मध्ये हवाई दलात प्रवेश, नंतर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अवकाश अभियांत्रिकीतील पदव्युत्तर शिक्षण. म्हणजे आता पदवीही आहे आणि कॉकपिटही. त्यांनी उडवलेल्या विमानांच्या यादीत मिग-२१ आणि सुखोई-३० आहेत. दोन्ही जाती ओझरच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या. २५ जून २०२५ रोजी ते अ‍ॅक्सिअम-४ मोहिमेतून निघाले, दुसऱ्या दिवशी आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकात शिरणारे पहिले भारतीय ठरले, आणि १५ जुलैला परतले. राखीव म्हणून प्रशांत नायर होते. मल्होत्रांची जागा या वेळीही रिकामी नव्हती.

स्थानकात शुक्ला यांनी जे प्रयोग केले त्यांत मूग आणि मेथी यांना मोड आणण्याचाही एक होता. वजनरहित अवस्थेत बी कसे रुजते, त्याच्यातील पोषकद्रव्यांचे काय होते, हा प्रश्न धारवाडच्या शास्त्रज्ञांनी मांडलेला. मेथीची जुडी ज्या सायखेड्याच्या बाजारात रोज विकली जाते, तेथल्या शेतकऱ्याला हा प्रयोग समजावून सांगायला पाच मिनिटे पुरतील. प्रश्न विद्यापीठाचा, बी शेतकऱ्याचे, हात वैमानिकाचा. कष्टाची ही वाटणी १९८४ च्या योगासनांपासून बदललेली नाही.

उरतो तो चौघांतही एकही स्त्री नसण्याचा प्रश्न. तो इच्छेचा नव्हे, तारखांचा आहे. हवाई दलात पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक जून २०१६ मध्ये आल्या. गगनयानची निवड २०१९ ची. तीन वर्षांत कोणी चाचणी वैमानिक होत नाही. १९६२ मध्ये अमेरिकी समितीपुढे जे उत्तर दिले गेले तेच येथे कोणीही न उच्चारता लागू झाले. दरम्यान इस्रोने मानवरहित उड्डाणासाठी ‘व्योममित्रा’ नावाची स्त्रीरूपातील यंत्रमानवी तयार केली. यंत्राला उड्डाणतासांची अट नसते.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर प्रबोधिनीची प्रवेशपरीक्षा मुलींना खुली झाली. २०२२ मध्ये पहिली तुकडी दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी १७ जणी संचलनातून बाहेर पडल्या. हवाई दलाच्या शाखेसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित लागते. परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. सायखेड्याच्या मुलीला ही अट २०२१ पूर्वी पूर्ण करता येत होती, परीक्षा देता येत नव्हती.

शुक्ला हवाई दलात आले २००६ मध्ये, अंतराळासाठी निवडले गेले २०१९ मध्ये : तेरा वर्षे. पहिल्या तुकडीतील हवाई दलाच्या छात्र-अधिकाऱ्यांना एका वर्षाच्या प्रशिक्षणानंतर २०२६ हे वर्ष मिळते. त्यात तेरा मिळवले की २०३९ येते. भारताने आपला माणूस चंद्रावर उतरवण्यासाठी जाहीर केलेले वर्ष २०४० आहे.